चंद्रावरील आरसे

चंद्राशी आपले नाते घरोब्याचे आहे. मुलांचा तो मामा. संकष्टीचा उपवास करणाऱ्यांस तर त्याच्या उदयाची घटका-पळे मोजण्याची जन्माची सवय. हा मामा नेमका किती दूर राहतो, हे ठरविण्यासही अखेर पळा-विपळांचेच गणित कामास आले. त्या गणिताचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

त्यातील तत्त्व साधे आहे. डोंगरासमोर उभे राहून हाक द्यावी, प्रतिध्वनी येईतो वेळ मोजावा, त्यास ध्वनीच्या वेगाने गुणून निम्मे करावे, म्हणजे डोंगराचे अंतर निघते. १० जानेवारी १९४६ रोजी अमेरिकन लष्कराच्या सिग्नल विभागाने न्यू जर्सीतून रडारच्या लहरींनी अशीच हाक चंद्रास घातली, आणि सुमारे अडीच सेकंदांनी तिचा पडसाद आला. परंतु ती हाक पाव सेकंद चालणारी होती. तेवढ्या अवधीत लहर ७५,००० किलोमीटर जाते. चंद्राने ओ दिली एवढे कळले. बारीक मापासाठी मात्र हाक अत्यंत आखूड हवी, आणि ती चहूकडे पसरता कामा नये.

अशी हाक घालणारे साधन १९६० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात जन्मास आले. थिओडोर मेमन याने कृत्रिम माणकाच्या कांडीभोवती मळसूत्री वळणाचा विजेचा दिवा बसविला. दिवा लखलखताच माणकातील क्रोमियमचे अणू उद्दीपित झाले आणि कांडीतून एकरंगी तांबडा झोत निघाला. हाच पहिला लेसर. घन स्फटिकातून प्रकाश उत्पन्न करणाऱ्या लेसरांच्या कुळाचा मूळपुरुष.

१९६२ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र संस्थेच्या स्मलिन व फिओको यांनी माणकाचा झोत चंद्रावर टाकून त्याचे मोजके प्रकाशकण परत टिपले. पण तो झोत सुमारे अर्धा सहस्रांश सेकंद टिकणारा, म्हणजे १५० किलोमीटर लांब! शिवाय चंद्राची भूमी उंचसखल. तीवरून प्रकाश मागेपुढे परततो. पहिली अडचण त्याच सुमारास दूर होऊ लागली. स्फटिकात शक्ती कोंडून ती एकदम मोकळी करण्याची युक्ती सापडली, आणि झोताचा अवधी सेकंदाच्या एका कोट्यंशाच्या आसपास आला.

दुसरी अडचण मनुष्यास चंद्रावर जाऊनच दूर करावी लागली. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ च्या प्रवाशांनी तेथे १०० लोलकांचा आरसा मांडला. परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांचा असा लोलक प्रकाश ज्या दिशेने येईल त्याच दिशेस परत धाडतो. १ ऑगस्ट रोजी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेस त्याचे उत्तर मिळाले. त्या आरशास ना वीज लागते, ना देखरेख. शेजारची यंत्रे कधीच मूक झाली, तो मात्र अद्याप उत्तर देतो.

सोव्हिएत रशियाच्या लुनोखोद-१ या गाडीची कथा तर अधिकच हृद्य आहे. १९७० साली ती फ्रेंच बनावटीचा आरसा घेऊन चंद्रावर उतरली आणि १९७१ च्या सप्टेंबरात तिची वाचा बसली. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे तिच्या आरशाचा पत्ता लागेना. २०१० साली चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाच्या छायाचित्रांत ती दिसली, आणि त्याच वर्षी २२ एप्रिल रोजी न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट येथून झोत सोडताच आरशाने ओ दिली. ती तिच्याच जोडीच्या लुनोखोद-२ हून प्रखर निघाली.

आता चंद्राचे अंतर मिलिमीटरांच्या हिशेबात मोजता येते. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे, हे याच मोजणीने उघड केले. आपल्या किनाऱ्यावर चढणारी समुद्राची भरतीच पृथ्वीची गती किंचित हरून त्यास दूर लोटीत आहे. अगस्त २०२३ मध्ये आपल्या चांद्रयान-३ चा विक्रम दक्षिण ध्रुवाजवळ उतरला, तेव्हा त्यावरही अमेरिकेने दिलेला एक चिमुकला आरसा होता. विक्रमची यंत्रे चंद्राच्या दीर्घ रात्रीत निजली ती उठलीच नाहीत. परंतु १२ डिसेंबर २०२३ रोजी वरून जाणाऱ्या अमेरिकन यानाने लेसरचा झोत टाकताच त्या आरशाने तो परत केला.

ज्यांच्या पाठीशी सारी शक्ती आणि कौशल्य होते ती यंत्रे थकली; ज्याने केवळ आलेले जसेच्या तसे परत करण्याचे व्रत घेतले, ते भिंग मात्र टिकले. पुढील पिढ्यांच्या हाकेस चंद्रावरून ओ देणारे कोणी असेल, तर ते हेच.