टोप्या जमवायच्यात? मग परभणीपासून सुरुवात करा

छंद म्हटला की पहिला प्रश्न बजेटचा. घड्याळं जमवायची तर पगार पुरत नाही, जुने कॅमेरे जमवायचे तर घरात जागा पुरत नाही. टोपीचं तसं नाही. घडी घातली की वहीत मावते, वजन नाही, पडली तरी फुटत नाही, आणि साधी पांढरी टोपी अजूनही शंभर रुपयांच्या आत येते. (कंपनीच्या आउटिंगला फुकट मिळालेल्या टोप्या यात धरलेल्या नाहीत. त्या प्रत्येकाकडे चार-चार असतात :-) )

आता परभणीच का? एक तर 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण अशा कमी खर्चाच्या उद्योगाला फिट्ट बसते. दुसरं कारण जरा गंभीर आहे. या जिल्ह्यात एक काळ असा होता की डोक्यावर काय आहे यावरून माणूस कुणाचा ते ठरायचं. पुढे पुढे तर तो वाचणार की नाही, हेही. तो इतिहास आज शे-दोनशे रुपयांत हातात धरून बघता येतो, म्हणून हा लेख.

आधी दोन संग्राहकांची गोष्ट. पहिले तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान. 1912 ते 1914 निजामाचे दिवाण. पद सोडल्यावर उरलेलं आयुष्य आणि जहागिरीचं उत्पन्न वस्तू जमवण्यात घातलं. 1949 साली ते गेले आणि 1951 मध्ये हैदराबादला सालारजंग म्युझियम उघडलं. दुसरे आपल्या पुण्याचे दिनकर केळकर. धंदा चष्म्याचा. 1920 च्या आसपास सुरुवात केली आणि जमवलं काय? दिवे, अडकित्ते, फण्या, दौती. लोक जे माळ्यावर टाकायचे ते. 1962 साली तो सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. आपला रस्ता अर्थातच दुसरा.

तर परभणी जिल्ह्यात फिरून काय काय मिळेल ते बघू.

पांढरी टोपी कुठल्याही खादी भांडारात मिळते. पण ती घ्यायची खरी वेळ म्हणजे आषाढी वारीची. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं गाव. त्या गर्दीत पांढऱ्या टोप्यांचे किती प्रकार असतात ते नीट बघा. कुणाची टोकदार, कुणाची पसरट, कुणाची खळ घालून पापडासारखी कडक.

जाळीची विणलेली टोपी घ्यायची तर फेब्रुवारीत जा. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. तिथे सगळ्या जातीधर्माचे लोक जातात, त्यामुळे 'मी कसा जाऊ' वगैरे विचार करायचं कारण नाही.

काळी टोपी विसरू नका. तिला आज आपण संघाची म्हणून ओळखतो, पण जुन्या ग्रुप फोटोंत मास्तर, कारकून, दुकानदार अशा सगळ्यांच्या डोक्यावर ती दिसते. मग बाळाचं टोपडं आणि कुंची; ही दुकानात शोधू नका, आजी-मावशीच्या ट्रंकेत असते. शेतकऱ्याचा पटका आहे. आणि निवडणुकीत वाटतात त्या छापील टोप्या, अगदी फुकट. 2011 च्या ऑगस्टमधली 'मी अण्णा' टोपी कुणाकडे असेल तर आजच मागून घ्या. तेव्हा घराघरांत होती, आता शोधून सापडत नाही.

राहिली रुमी टोपी. लाल, वरून सपाट, काळ्या गोंड्याची. ती परभणीत मिळणं कठीण. पण देवगिरी एक्सप्रेस परभणीवरूनच जाते. सकाळी बसा, दुपारी हैदराबाद. चारमिनारच्या गल्ल्यांत विचारत गेलात तर मिळते. कलेक्शनमधली बहुधा सगळ्यात महाग वस्तू हीच, पण ती पाहिजेच. का ते सांगतो.

ही टोपी मूळची परभणीची नाही, हैदराबादचीही नाही. 1829 मध्ये तुर्कस्तानच्या सुलतान दुसऱ्या महमूदने आपल्या अधिकाऱ्यांना पागोटी सोडून ही टोपी घालायला लावली. म्हणजे तेव्हा ती मॉडर्न होती, आजच्या भाषेत कॉर्पोरेट ड्रेस कोड! गंमत म्हणजे पुढे यातल्या पुष्कळशा टोप्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या कारखान्यांत बनत. 1908 मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला तेव्हा तुर्कांनी या टोप्यांवरच बहिष्कार घातला. मग आला अतातुर्क. त्याने 1925 मध्ये कायदा करून ही टोपीच बंद केली, कारण आता मॉडर्न म्हणजे हॅट! शंभर वर्षांत तीच टोपी प्रगत होती ती मागास ठरली. टोपी तीच होती बरं का, बदललं ते सरकार.

तुर्कस्तानात बंद झालेली ही टोपी हैदराबाद संस्थानात मात्र मजेत नांदत होती. पदच्युत खलिफाला निजाम पेन्शन देत होता, 1931 मध्ये त्याच्या दोन मुलांची लग्नं खलिफाच्या घराण्यात झाली. निजाम मीर उस्मान अली खानाचं छायाचित्र 1937 साली 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. आणि या माणसाची ख्याती काय, तर वर्षानुवर्षं एकच जुनी टोपी वापरतो! (लो बजेटचा याहून मोठा ब्रँड अँबॅसेडर कुठे मिळणार?)

परभणी तेव्हा याच संस्थानातला जिल्हा. शेरवानी आणि रुमी टोपी हा सुशिक्षित माणसाचा, नोकरदाराचा पोशाख. तो हिंदू अधिकारीही घालत. म्हणजे ती धर्माची टोपी नव्हती, सरकारदरबारची होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिकडे ब्रिटिश हद्दीत दुसरी टोपी तयार होत होती. काका कालेलकरांनी गांधीजींचा त्यामागचा विचार नोंदवून ठेवला आहे. त्यांनी देशातली निरनिराळी शिरोभूषणं पाहिली आणि काश्मिरी टोपीचा घाट उचलला. पागोट्याला वारेच्या वार कापड लागतं, याला हातभर पुरतं. रंग पांढरा का? काळ्या टोपीत मळ लपतो, पांढरीत दिसतो, म्हणून ती धुतली जाते. इंजिनिअर माणसाला पटावं असं डिझाइन. स्वतः गांधीजींनी ती थोडीच वर्षं घातली; 1921 मध्ये मदुराईला पंचा नेसला आणि टोपीही गेली. पण लोकांच्या डोक्यावर ती राहिली. 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा लष्कराचा राग या टोपीवरही निघाला.

हैदराबाद संस्थानात ती सीमा ओलांडून आली. 1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तीही ती रीतसर स्थापन व्हायच्या आधीच! बंदी उठली 1946 मध्ये. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, परभणी नाही झाली. स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. त्यानंतरच्या तेरा महिन्यांत कासीम रझवीच्या रझाकारांनी गावंच्या गावं हैराण केली. पांढरी टोपी म्हणजे काँग्रेसवाला, असा सरळ हिशोब. कित्येक कुटुंबं वऱ्हाडच्या हद्दीत निघून गेली. रझवीचे फोटो बघा, डोक्यावर तीच गोंड्याची टोपी. कालपर्यंत जी कचेरीतल्या सगळ्यांची होती, ती आता एका बाजूची झाली.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला. आपण दरवर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो तो हाच. झेंडावंदन, भाषण, सुट्टी. पण गोष्ट इथे संपत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानात ठिकठिकाणी मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने मृतांचा अंदाज 27 हजार ते 40 हजार असा दिला. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. नांदेड म्हणजे परभणीचा शेजार. तो अहवाल कित्येक दशकं दडलेला होता. आणि ज्यांनी हे भोगलं त्यांच्यापैकी बहुतेक न बोलताच गेले.

मला स्वतःला वाटतं की परभणीहून सुरू केलेल्या कलेक्शनमध्ये या दोन टोप्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. पांढरी एकटी ठेवली की सप्टेंबरच्या आधीचा अन्याय कळतो, नंतरचा नाही. लाल एकटी ठेवली की नुसता नवाबी थाट दिसतो. दोन्ही ठेवल्या की कळतं, माणूस तोच होता, कुणाची टोपी कधी महागात पडेल ते वरचे लोक ठरवत होते. शाळेच्या पुस्तकात यातलं अर्धंच आलं. उरलेलं अर्धं आपल्याला दीडवितीच्या शेल्फवर मांडता येतं.

आता थोडं प्रॅक्टिकल. पहिला नियम: खळ घालून टोपी ठेवू नका. खळीवर कसर आणि झुरळं तुटून पडतात. साधी धुवा, पूर्ण वाळवा, आत कोरा कागद भरा. वर्तमानपत्राचा नको, शाई लागते. जवळ कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा: मेटाडेटा! टोपी कुणाची, तो काय काम करायचा, गाव कुठलं, साल कुठलं, कुणी दिली. एक्सेल शीट चालेल, पण टोपीसोबत एक कागदी चिठ्ठीही ठेवा. जिल्ह्याबरोबर तालुका आणि गाव लिहाच, कारण 1981 मध्ये परतूर जालन्यात गेलं आणि 1999 मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला. नुसतं 'परभणी' लिहाल तर वीस वर्षांनी तुम्हालाच उमगणार नाही. चिठ्ठीशिवायची टोपी म्हणजे कॉमेंट नसलेला कोड. चालतो, पण का लिहिला ते कुणाला कळत नाही.

तिसरा: घाई करा. किमती वाढतील म्हणून नाही. भरजरी पगड्या म्युझियमवाले सांभाळतात. पुणेरी पगडीला तर 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. रोज घालून, घाम पिऊन, धुऊन विरलेली टोपी कुणी सांभाळत नाही. म्हातारा माणूस गेला की त्याचे कपडे वाटून टाकतात, आणि टोपीची फरशी पुसायची चिंधी होते. 1948 साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे. टोपी पुढच्या वर्षी विकत मिळेल. तिची गोष्ट सांगणारा मिळेलच असं नाही.

तेव्हा या शनिवारी गावाकडे फोन लावाल तेव्हा हवापाण्याबरोबर एवढंच विचारा, की आजोबांची टोपी कुठाय, आणि ते कोणती घालायचे? उत्तर मिळालं की कलेक्शन सुरू. खर्च, एका फोनचा.