पीयूषिका ग्रंथीची परीक्षा : किती विश्वसनीय ?

श्रोतेहो, मेहकर तालुक्यांतील आमच्या जानेफळ गांवीं कोणाचा चेहरा वाटोळा झाला, पोट सुटलें, म्हणजे "अंगीं लागलें हो!" असें लोक कौतुकानें म्हणतात. परंतु वाटोळ्या चेहऱ्याबरोबर हातपाय काडीसारखे, कातडीवर जांभळे पट्टे आणि रक्तदाब वाढलेला, असें एकत्र दिसल्यास तें सुखाचें लक्षण नव्हे. अशीच एक तेवीस वर्षांची तरुणी हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदानें १९१० सालीं तपासली व १९१२ सालच्या ग्रंथांत तिची हकीकत दिली. मेंदूच्या तळाशीं असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथींतील गांठ हें अशा रोगाचें मूळ होय, असें प्रतिपादन त्यानें १९३२ सालीं केलें.

पण जिवंत माणसाच्या कवटींतील ही गांठ ओळखावी कशी? पीयूषिकेच्या आज्ञेनें मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथि कॉर्टिसॉल हें संप्रेरक तयार करतात. रक्तांत तें पुरेसें झालें कीं पीयूषिका आज्ञा आवरती घेते. गांठ मात्र ही मर्यादा पाळीत नाहीं. या भेदावर ग्रँट लिडल यांनीं १९६० सालीं दमन-परीक्षा बसविली. कॉर्टिसॉलसारखें कार्य करणारें डेक्सामेथासोन द्यावयाचें; निरोगी ग्रंथि गप्प बसते, रोगी बसत नाहीं. पुढें रात्रीं अकराच्या सुमारास १ मिलिग्रॅम औषध देऊन सकाळीं आठाला रक्त घेण्याची सोपी रीत रूढ झाली.

एका परीक्षेवरून विद्यार्थ्याची पारख करूं नये, हें मास्तरकीनें मला शिकविलें. येथेंही तसेंच आहे. पूर्वीं सकाळचें कॉर्टिसॉल दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या खालीं आल्यास मनुष्य निरोगी समजत. त्यांत सौम्य रोगी निसटत, म्हणून मर्यादा १.८ वर आणली. आतां रोगी क्वचितच निसटतात, पण निरोगी माणसें अधिक अडकतात. क्षयावरील रिफॅम्पिसिन किंवा अपस्मारावरील फेनिटॉइन घेणाऱ्याच्या यकृतांत डेक्सामेथासोन लौकर नष्ट होतें. संततिप्रतिबंधक गोळ्यांनीं मोजलेलें कॉर्टिसॉल वाढतें. अतिमद्यपान व तीव्र खिन्नता यांतही फसगत होते.

रोग निश्चित झाला तरी गांठ कोठें, हा प्रश्न उरतोच. मोठ्या मात्रेनें पीयूषिकेची गांठ बहुधा दबते, अधिवृक्काची किंवा फुप्फुसाची दबत नाहीं, असा लिडल यांचा ठोकताळा होता. परंतु पीयूषिकेच्या कांहीं गांठी दबत नाहींत, आणि फुप्फुसांतील कांहीं दबतात! म्हणून संशय राहिल्यास ग्रंथीलगतच्या शिरांतूनच रक्त घेऊन पाहतात. हें कसबाचें काम मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत होत आलें आहे. चूक झाल्यास नाकावाटें निरोगी ग्रंथीवर शस्त्र चालावयाचें. रोग निसटल्यास मधुमेह, ठिसूळ हाडें व अकाली मृत्यु.

श्रोतेहो, दम्यासाठीं वा सांधेदुखीसाठीं महिनोन्महिने घेतलेल्या स्टेरॉइडनेंही हेंच रूप येतें. किंबहुना तेंच याचें सर्वांत नेहमींचें कारण होय. तें औषध एकाएकीं सोडणेंही घातक. म्हणून वैद्याकडे जातांना घरांतील प्रत्येक गोळी, पुडी आणि मलम बरोबर न्यावें. रक्ताचा आंकडा खोटें बोलत नाहीं. पण त्याला प्रश्न नीट विचारला पाहिजे.