आर्गन, टिग आणि १४१

आदिलाबादेत स्टेनलेस स्टीलचे रेलिंग करायला दिले, तर वेल्डर सांगतो, ‘आर्गन मारावं लागेल.’ आयटीआयच्या पुस्तकात हेच काम जीटीएडब्ल्यू. आखातातल्या नोकरीच्या जाहिरातीत टिग. युरोपातून आलेल्या कागदावर तर नुसता आकडा, १४१. मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी एकाच बाजारात चालणाऱ्या जिल्ह्याला एका गोष्टीची चार नावे नवी नाहीत. पण इथे नावे वाढवली ती भाषेने कमी, वायूने जास्त.

१९४०च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीला मॅग्नेशियम जोडायचे होते. हा धातू तापला की हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि पेटतो. रसेल मेरेडिथने सहज न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकावर विजेची ज्योत धरली आणि तिच्याभोवती हेलियम सोडला. नाव पडले हेलिआर्क. हेलियम अमेरिकेच्या नैसर्गिक वायूच्या विहिरींतून निघत होता, म्हणून हे परवडले.

युरोपात हेलियम दुर्मिळ. आर्गन मात्र हवेतच आहे, शेकडा एकाहून किंचित कमी. हवा गार करून, द्रवरूप करून ऑक्सिजन काढताना तोही वेगळा करता येतो. मग हेलिआर्क हे नाव तिथे कसे चालावे? इंग्रजांनी ‘टंगस्टन इनर्ट गॅस’ची आद्याक्षरे घेऊन टिग केले. जर्मन लोक टंगस्टनला वोल्फ्राम म्हणतात, म्हणून त्यांचे विग झाले. १९१९ साली स्थापन झालेल्या अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने वायूचे नाव आणि ‘निष्क्रिय’ हे विशेषण दोन्ही गाळून ‘गॅस टंगस्टन आर्क वेल्डिंग’ ठरवले, तेच पुस्तकातले जीटीएडब्ल्यू. आपल्या वर्कशॉपने सिलिंडरवर लिहिलेले वाचले आणि आर्गन म्हटले. मला हे नाव सर्वांत सरळ वाटते. दुकानात नेमके काय आणून ठेवावे लागते ते तेवढे एकच नाव सांगते.

पण हाच सरळपणा दुसऱ्या यंत्रापाशी फसतो. १९४८ सालच्या सुमारास सतत पुढे सरकणारी तार आणि आर्गन वापरून अॅल्युमिनियम जोडण्याची पद्धत आली, ती मिग (मेटल इनर्ट गॅस). साध्या पोलादासाठी आर्गन महाग पडे. १९५०च्या दशकात सोव्हिएत तंत्रज्ञांनी त्याजागी कार्बन डायऑक्साइड वापरला. ज्योतीत हा वायू फुटतो आणि धातूशी क्रिया करतो, म्हणजे निष्क्रिय राहत नाही. युरोपने त्यासाठी मॅग (मेटल अॅक्टिव्ह गॅस) हे वेगळे नाव काढले, तर अमेरिकेने दोन्ही जीएमएडब्ल्यू (गॅस मेटल आर्क वेल्डिंग) या एकाच नावात घातले. आपल्याकडे ते झाले ‘सीओटू’, आणि सिलिंडरमध्ये आर्गनचे मिश्रण भरले तरी ‘सीओटू’च राहिले. कुणी दोन्हींना मिग म्हणते. नावाच्या भरवशावर अॅल्युमिनियमला कार्बन डायऑक्साइड लावला, तर जोड काळा पडतो, त्यात भोके राहतात आणि काम भंगारात जाते.

आयएसओ ४०६३ या आंतरराष्ट्रीय मानकाने नावांचा वादच टाळून आकडे दिले: रॉडच्या वेल्डिंगला १११, मिगला १३१, मॅगला १३५, टिगला १४१. कागदावर हे नेटके दिसते. पण आकडा ऐकून हाताला काही आठवत नाही.

नावांचा हा घोळ वेल्डरच्या परीक्षेतही आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात जयपूर इथे सिंगरेणी कोळसा कंपनीचे १२०० मेगावॉटचे वीजकेंद्र २०१६ साली सुरू झाले. त्याच वर्षी जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि जयपूर मंचेरियालमध्ये गेले. अशा बॉयलरच्या नळ्या जोडताना आतला पहिला थर बहुधा टिगचा असतो, वर रॉडचे थर चढतात. त्यासाठी वेल्डर हवा ‘६जी’: नळी ४५ अंशांत तिरकी, जागची न हलणारी, वेल्डरनेच तिच्याभोवती फिरायचे. ६जी हे अमेरिकी नाव. खालून वर चढणाऱ्या त्याच जोडाला आयएसओ एच-एल०४५ म्हणते. आखातात जाणारा पोरगा ६जी छातीठोकपणे सांगतो. पण परीक्षेचा कागद एएसएमई या अमेरिकी संस्थेच्या नियमांचा असला आणि मालकाने आयएसओ ९६०६ मागितले, तर बहुतेक वेळा त्याला तीच तिरकी नळी पुन्हा जोडून दाखवावी लागते.