रॉस हल यांचा अखेरचा प्रयोग

घराच्या एका कोपऱ्यात बसून दूरदेशीच्या अनोळखी माणसाशी बिनतारी यंत्राने बोलावे, या छंदाची मोहिनी ज्याला पडली त्यालाच ती कळते. पण त्या कोपऱ्यात मृत्यूही दबा धरून बसलेला असतो, आणि जाणत्यालाही तो सोडीत नाही.

रॉस हल यांचेच पाहा ना. मूळचे मेलबर्नचे हे हौशी बिनतारीवाले पुढे अमेरिकेत ‘क्यूएसटी’ मासिकाच्या संपादकवर्गात गेले. पाच मीटर लांबीच्या लहरी क्षितिजापलीकडे फारशा पोहोचत नाहीत, अशी त्या काळी समजूत होती. थंड हवेवर उबदार हवेचा थर आला म्हणजे याच लहरी वाकून दूरवर जातात, हे हल यांनी चिकाटीच्या निरीक्षणांनी दाखविले आणि १९३५ साली प्रसिद्ध केले. यंत्रे कशी बांधावीत हे वाचकांना शिकविणारा हा माणूस १३ सप्टेंबर १९३८ रोजी टेलिव्हिजनच्या प्रयोगात मग्न असता उच्च दाबाच्या विजेने गेला.

त्यांना ज्ञान कमी होते काय? मुळीच नाही. हाताला सवय हवी, ती अशी. आधी मुख्य बटण बंद करावे, मगच झाकण उघडावे. तरीही हात घालू नये. कारण वीज तोडल्यावरही कंडेन्सरमध्ये ती साठून राहते. ती निचरून जावी म्हणून रोधक जोडतात खरा, पण तो तुटला तर बाहेरून समजत नाही. म्हणून सुक्या लाकडी दांड्याच्या टोकाला तांब्याचा आकडा बसवावा, त्याची तार यंत्राच्या जमिनीशी जोडलेल्या सांगाड्याला आधी घट्ट बांधावी आणि मग आकडा कंडेन्सरला टेकवावा. कानावरचे हेडफोन काढून ठेवावेत. चालू यंत्राशी काम टळतच नसेल, तर एक हात खिशात असावा. एका हातातून शिरलेली वीज दुसऱ्या हातातून बाहेर पडताना छातीतूनच जाते. आणि घरच्या मंडळींना मुख्य बटण दाखवून ठेवावे. धक्का बसलेल्या माणसाला ओढण्यापूर्वी त्यांनी ते बंद केले पाहिजे. पत्नीला हे सांगण्यास पुष्कळांना संकोच वाटतो, कारण मग छंदच बंद होण्याचे भय!

आज बहुतेक यंत्रे बारा-तेरा व्होल्टवर चालतात. परंतु व्हॉल्व्हचे मोठे ॲम्प्लिफायर अजून वापरात आहेत, आणि त्यांत हजारो व्होल्टचा दाब असतो.

हल यांच्या स्मरणार्थ ऑस्ट्रेलियात तिकडच्या उन्हाळ्यात हौशी बिनतारीवाल्यांची स्पर्धा भरत आली आहे. ती अर्थातच त्यांच्या आवडत्या आखूड लहरींवर.