मायामी वसविणाऱ्या ज्यूलियाबाई

अमेरिकेत आगगाडीच्या मागोमाग पुष्कळ गावे वसली. ती वसविणारे बहुतेक पुरुष होते. फ्लॉरिडा राज्यातील मायामी शहराचा आरंभ मात्र एका विधवा बाईच्या खटपटीतून झाला.

ज्यूलिया टटल यांचा जन्म १८४९ साली क्लीव्हलंड येथे झाला. १८८६ मध्ये पती वारले. दोन मुले होती, आणि पैशाची ओढाताण. राहत्या घरात बिऱ्हाडकरू ठेवून व चहाफराळाची सोय करून त्यांनी दिवस काढले. १८९१ साली त्या दक्षिण फ्लॉरिडात आल्या आणि मायामी नदीच्या उत्तर तीरावर ६४० एकर जमीन त्यांनी खरेदी केली. तेथील जुन्या लष्करी ठाण्याची इमारत दुरुस्त करून त्या राहू लागल्या. भोवती रान आणि दलदल!

आगगाडीवाचून या जमिनीस मोल नाही, हे बाईंनी ओळखले. रेल्वेचे मालक हेन्री फ्लॅगलर यांची त्यांनी पाठ सोडली नाही; पण ते दाद देईनात. १८९४-९५ च्या हिवाळ्यात उत्तरेकडील संत्र्यांच्या बागा थंडीने जळाल्या, मायामीकडच्या वाचल्या. तेव्हा बाईंनी संत्र्याचा ताजा मोहर पाठविला आणि मालक विरघळले, अशी कथा सांगतात. कथा गोड खरी. पण मोहरापेक्षा बाईंनी देऊ केलेली जमीनच जास्त बोलली असावी! हॉटेल व स्टेशन यांसाठी सुमारे शंभर एकर, आणि उरलेल्या जमिनीतील निम्मे तुकडे, एकाआड एक. फ्लॅगलर यांनी आपल्या तुकड्यात रस्ता काढला की शेजारच्या तुकड्याचा भाव आपोआप वाढणार. हिशेब पक्का होता.

एप्रिल १८९६ मध्ये गाडी आली. २८ जुलै रोजी मतदान होऊन शहराची रीतसर स्थापना झाली. साडेतीनशेच्या आसपास पुरुषांनी मते दिली. त्यांत काळ्या मजुरांचा भरणा मोठा होता. पण पुढे त्यांना शहरात वेगळ्या वस्तीतच राहावे लागले. ज्यूलियाबाईंना तर मतच नव्हते. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला तो १९२० साली.

भाव वाढण्याची वाट पाहणे बाईंच्या नशिबी नव्हते. १४ सप्टेंबर १८९८ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्या वारल्या. डोक्यावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी मुलांना जमीन विकावी लागली.