माळवद

माळवद : लाकडी तुळयांवर माती अंथरून केलेले सपाट छप्पर, असे छप्पर असलेल्या घरालाही माळवदच म्हणतात. धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या गावठाणांत वाड्यापासून दोन खणांच्या घरापर्यंत हीच रीत होती. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घराचे माप खणांतच सांगत. बेताच्या पावसाच्या, कडक उन्हाच्या या मुलखात मातीखालचे घर भर दुपारीही गार राहते. उन्हाळ्यात माळवदावर कुरडया, पापड वाळतात आणि रात्री माणसे झोपतात.

खांबांवर तुळई, तिच्यावर सर, सरांवर फळ्या किंवा लाकडाच्या बारीक तुकड्यांचे किलचन, वर पाला आणि गावठाणातली पांढरी माती, असा हा क्रम. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून ती छपरावर चालत नाही. उजेडासाठी छपरात सवणे, म्हणजे झरोके, ठेवतात.

मृगाआधी माळवदाची डागडुजी होते. गवत मुळासकट उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, नवी माती पसरून चोपायची, पन्हाळीकडे उतार द्यायचा. या मायेच्या कामातच धोका वाढत गेला, कारण नवी माती पडत राहिली आणि जुनी कोणी उतरवली नाही. कित्येक घरांवर थर अर्ध्या मीटरच्या पुढे गेले. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एवढी माती म्हणजे सुमारे सात टन ओझे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूर गाव उद्ध्वस्त झाले. घरांच्या दगडी भिंती रुंद होत्या, पण आतला आणि बाहेरचा थर बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. थर सुटले, दगड कोसळले. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला. त्यामुळे सरसकट माळवदाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात जुनी घरे मजबूत करण्याच्या रीती पुढे आल्या. भिंतीला भोके पाडून सळईसह काँक्रीटचे सांधे भरणे, खांब-तुळईच्या जोडाला तिरके आधार देणे, माती कमी करून तिच्याखाली प्लास्टिकचा कागद घालणे, अशी ती कामे. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. ओल आत कोंडते आणि दगडांमधली माती भुसभुशीत होते. जुन्या भिंतींवर स्लॅब टाकणे त्याहून घातक.

घराभोवतीही लक्ष हवे. पन्हाळीचे पाणी भिंतीच्या पायाशी मुरू देऊ नये, चौकातली मोरी मोकळी ठेवावी, भिंतीतले पिंपळाचे रोप कोवळे असतानाच काढावे.

ज्यांच्या माळवदावर पिढ्यांची माती साठली आहे, त्यांनी यंदा मृगाआधी एका कोपऱ्यात खणून तिची जाडी मोजावी. वीतभराहून जास्त भरली, तर जुनी माती उतरवूनच नवी पाटी वर न्यावी.