मंत्रचळ, भीती आणि मूल : जोडउपचारांचा शंभर वर्षांचा प्रवास



प्रथम वर्षाच्या ड्रॉइंगच्या तासाला माझ्याकडे एक मुलगा होता. एकच रेषा तो आठ-दहा वेळा खोडून पुन्हा काढायचा, कधी कधी शीट फाटेपर्यंत. काम वेळेत होत नाही म्हणून मी त्याचे गुण कापत गेलो. शेवटच्या वर्षी त्याने आपणहून सांगितले, "सर, हे चौथीपासून आहे. रेषा चुकली तर आईला काहीतरी होईल असं वाटतं." मी त्याला आळशी समजत होतो. 'विज्ञानाचा इतिहास' या ऐच्छिक विषयात हे व्याख्यान मी घेऊ लागलो ते तेव्हापासून. मी डॉक्टर नाही. पण उपाय कसा तपासला जातो, हा प्रश्न अभियंत्यालाही परका नाही.

मराठीत या विकाराला 'मंत्रचळ' असा जुना शब्द आहे. आज आपण ओसीडी म्हणतो. नको असलेला विचार मनात पुन्हा पुन्हा घुसतो आणि तो शमवण्यासाठी एखादी कृती करावीच लागते : हात धुणे, कडी तपासणे, मोजणे. कृती केली की क्षणभर बरे वाटते, आणि त्या क्षणभराच्या सुटकेमुळेच सवय पक्की होते. चिंताविकारातही यंत्रणा साधारण हीच असते, फक्त तिथे मूल धुण्याऐवजी टाळते : शाळा, कुत्रा, अंधार.

उपचारांची गोष्ट 1909 पासून सुरू करू. घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाची हकीकत फ्रॉइडने व्हिएन्नात प्रसिद्ध केली. तिचा अर्थ त्याने लावला तो आज फारसे कोणी मानत नाही, पण एक बाब लक्षात ठेवा : उपचार मुख्यतः मुलाच्या वडिलांमार्फत झाले. पालकांचा हा धागा पुढे बराच काळ मागे पडला.

1920 मध्ये बाल्टिमोरमध्ये वॉटसन आणि रेनर यांनी उलटा प्रयोग केला. पांढऱ्या उंदराबरोबर मोठा आवाज करून त्यांनी एका तान्ह्या मुलात भीती निर्माण केली आणि ती काढून टाकण्याची तसदी घेतली नाही. ते काम 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स हिने दुसऱ्या मुलावर, पीटरवर, करून दाखवले. पीटर तीनेक वर्षांचा होता आणि सशाला घाबरत असे. सशाला न घाबरणारी मुले तिने आधी त्याच्यासोबत खेळायला आणली. तो सुधारत होता, तेवढ्यात आजारी पडून रुग्णालयात गेला. परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळे मुसळ केरात गेले. मग तिने पीटर आवडीचे खात असताना ससा हळूहळू जवळ आणायला सुरुवात केली. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. सोबतीची मुले, खाऊ, टप्प्याटप्प्याने सामना : जोडउपचार हा शब्द रुळण्यापूर्वीच तो तिथे घडत होता.

मंत्रचळ मात्र दाद देत नव्हता. 1966 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मेयर याने दोन प्रौढ रुग्णांवरील उपचार प्रसिद्ध केले. ज्या गोष्टीची भीती आहे तिला रुग्णाने हात लावायचा आणि नंतर धुवायचे नाही. परिचारिका पहाऱ्यावर असत. एका रुग्णाच्या खोलीतला नळसुद्धा बंद केला होता. ऐकायला क्रूर वाटते, पण मुद्दा साधा होता. न धुताही भीती ओसरते, हे शरीराला अनुभवाने कळावे लागते. मुलांवर हे करताना पुढे त्याची शिडी केली गेली : सगळ्यात सोपी पायरी आधी, आणि पायरी कोणती हे मुलाने निवडायचे.

औषधांची वाट वेगळीकडून आली. क्लोमिप्रामीन हे नैराश्यावरचे औषध. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपपोर्ट यांच्या गटाने 19 मुलांवर त्याची चाचणी घेतली. 1985 मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत, नैराश्य असो वा नसो, मंत्रचळ कमी झालेला दिसला. नंतर सर्ट्रालीनसारखी औषधे आली. वर्तनोपचारवाले आणि औषधवाले एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले.

हा वाद मोजपट्टीवर आणला तो 2004 च्या अमेरिकी चाचणीने. 7 ते 17 वयाची 112 मुले, बारा आठवडे, चार गट. विकार जवळपास नाहीसा झाल्याचे प्रमाण असे : दोन्ही उपचार एकत्र 53.6 टक्के, फक्त वर्तनोपचार 39.3, फक्त सर्ट्रालीन 21.4, आणि प्लासिबो म्हणजे औषधाचा अंश नसलेली गोळी 3.6. (लहान मुला-तरुणांत अशा औषधांमुळे आत्मघाताचे विचार वाढू शकतात, हा ठळक इशारा अमेरिकेत त्याच वर्षी आला, म्हणून ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नाही.) चिंताविकारांवर 2008 मध्ये 488 मुलांची चाचणी छापली गेली : एकत्र 80.7 टक्के मुलांत ठळक सुधारणा, एकेकट्या उपचाराने साठच्या आत.

मग काय, सगळे एकत्र करा की झाले? इथे थांबा. 2004 च्या चाचणीतच वर्तनोपचाराचा परिणाम एका केंद्रात दुसऱ्यापेक्षा बराच चांगला होता. म्हणजे 'कोणता उपचार' इतकेच 'कोण आणि कसा करतो' हेही महत्त्वाचे. 2011 ची चाचणी त्याहून बोलकी आहे. औषधाने अर्धवट बरी झालेली 124 मुले घेतली. औषधासोबत पूर्ण वर्तनोपचार दिलेल्यांपैकी 68.6 टक्के सुधारली. औषध देणाऱ्यानेच थोडक्यात वर्तनोपचाराच्या सूचना दिल्या तिथे 34 टक्के. नुसते औषध चालू ठेवले तिथे 30. अर्धा उपचार जोडणे हे जवळजवळ काहीच न जोडण्यासारखे ठरले.

आपल्या घरांत हा प्रश्न योग, श्वसन, ध्यान यांच्या रूपाने येतो. त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. 2014 मध्ये 5 ते 8 वयाच्या 127 मुलांवर कुटुंबासह दोन प्रकारचे उपचार तुलनेला लावले : सामना करायला शिकवणारा वर्तनोपचार आणि शिथिलीकरण. पहिल्याने 72 टक्के मुले स्पष्ट सुधारली, दुसऱ्याने 41. शिथिलीकरण म्हणजे योग नव्हे. पण शांत होणे म्हणजे मंत्रचळ सुटणे नव्हे, एवढे यातून दिसते. माझे मत विचाराल तर, श्वसनाचा उपयोग शिडीवर चढायला बळ यावे म्हणून करावा. 'विचार आला की अकरा वेळा श्वास' असे झाले, तर मुलाला एक नवा विधी मिळतो.

आता तो पालकांचा धागा. मूल विचारते, "आई, हात स्वच्छ झाले ना?" आई दिवसात तीस वेळा "हो" म्हणते. प्रेमानेच म्हणते, आणि विकाराला खतपाणी मिळते. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांना शिकवणारा उपचार बसवला. मूल येतच नाही. चिंताविकार असलेल्या 124 मुलांच्या चाचणीत (2020) तो थेट मुलावरच्या वर्तनोपचारापेक्षा कमी ठरला नाही. पालकांनी "हो" ऐवजी काय म्हणायचे, तर साधारण असे : "तुला भीती वाटतेय हे मला कळतं, आणि तू ती सहन करू शकतोस."

तुमच्या धाकट्या भावंडात किंवा स्वतःत हे दिसत असेल, तर 14416 हा सरकारी टेलि-मानस दूरध्वनी 2022 पासून अनेक भारतीय भाषांत चालू आहे. तज्ज्ञांकडे गेलात तर एक प्रश्न जरूर विचारा : "तुम्ही सामना प्रत्यक्ष करून घेता, की त्याबद्दल फक्त बोलता?"